रांगेत उभ्या राहणाऱ्या वेड्यांची बाजू

रविवार, दुपारचे साडेबारा. माटुंगा स्टेशनजवळच्या मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. त्याच्या जिन्यात मी कूपन घेऊन उभा होतो. माझा नंबर ८३ आणि आत पन्नाशीतला कुठला तरी पुकारला जात होता. बरोबर भाचा होता. त्याने घड्याळ पाहिलं, मोबाइल पाहिला आणि म्हणाला, "मामा, घरी मागवलं असतं तर एव्हाना जेवून आडवे झालो असतो."

हिशेबाने त्याचं बरोबर होतं. भूक लागली असताना तासभर जिन्यात उभं राहायचं, घामाघूम व्हायचं, आणि आत गेल्यावर मिळणार काय, तर पोळी, दोन भाज्या, भात, सांबार, रसम, ताक. आपल्या घरी रोज शिजतं त्याच जातीचं अन्न. याला वेडेपणा म्हणायचा तर खुशाल म्हणावा. मी या वेडेपणाच्या बाजूचा आहे आणि त्या जिन्यात जे भाच्याला नीट सांगता आलं नाही ते इथे सांगतो.

घरी डबा येतो तेव्हा भूक लागलेली असतेच असं नाही. मागवलंय म्हणून आपण जेवतो. जिन्यात मात्र भूक पिकते. दर दोन मिनिटांनी दार उघडतं, तुपाचा आणि फोडणीचा वास येतो, जेवून तृप्त झालेली चार माणसं रुमालाला हात पुसत खाली उतरतात, आणि रांगेतली सगळी मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघतात. त्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्या फोटोत येत नाही. शेजारच्या आजी सुनेला सांगत होत्या, "सकाळपासून नुसता चहा घेतलाय मी." एवढी तयारी करून माणूस जिथे जेवायला जातो, तिथलं जेवण अर्धं आधीच रुचकर झालेलं असतं.

हे बोर्डिंग १९४२ सालचं. दक्षिणेतून नोकरीसाठी एकटी आलेली माणसं तेव्हा माटुंग्यात राहत. त्यांना दोन वेळचं घरचं जेवण हवं होतं. नावातला श्रीकृष्ण उडुपीच्या मठातला आहे, जिथे आलेल्याला पंगतीत बसवून जेवू घालण्याची रीत जुनी. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. ही जागा गिऱ्हाइकाच्या लहरीसाठी उघडलेली नव्हती, उपाशी माणसासाठी उघडलेली होती. आजही तिथे शिरताना आपण पंगतीला आल्यासारखेच शिरतो.

एकदाचा नंबर लागला. समोर केळीचं पान आलं. त्यावर पाण्याचा शिपका मारून हाताने ते निपटून घेतलं की पानाचा हिरवा रंग एकदम गडद होतो आणि मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पाण्याचे बारीक थेंब राहतात. मग वाढपी येतात, एकामागून एक, प्रत्येकाच्या हातात आपापलं भांडं. कुणी विचारत नाही काय हवं. पानावर ज्याची त्याची जागा ठरलेली असते आणि ती त्यांच्या हाताला पाठ असते. भात पडला, वर तूप आलं. भाचा चमचा शोधत होता. तेवढ्यात रसमवाला येऊन उभा राहिला. "आळं कर," मी म्हणालो. त्याने भाताला घाईघाईने आळं केलं, पण एका बाजूने ते उघडंच राहिलं. रसम तिथून सुटलं आणि पानाच्या उतारावरून त्याच्या मांडीकडे निघालं. वाढप्याने दुसऱ्या हाताने पानाची कड वर उचलून धरली आणि डोळ्यांनीच खूण केली, भात ओढ इकडे. भाच्याने बोटांनी भाताचा बांध घातला. सगळा मिळून तीन सेकंदांचा प्रकार. पण त्यानंतर तो चमचा विसरला आणि कोपर वर करून जेवायला लागला.

आपली निवड दुसऱ्यावर सोपवणं हा दुसरा वेडेपणा. मला तो पहिल्याहून प्रिय आहे. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ सालापासून ब्रिटानिया हे हॉटेल आहे. तिथले मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाशी येऊन स्वतः ऑर्डर घेत. तुम्ही काय खाणार हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असे, आणि बेरी पुलाव घेतलात की ताजं लिंबू सोडा घ्याच, असा त्यांचा आग्रह असे. पुलावावरची ती आंबट लाल बेरी इराणहून येते. २०१९ साली ९७व्या वर्षी ते गेले तेव्हा मुंबईतल्या कितीतरी जणांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. ज्याने तुम्हाला काय खावं हे सांगितलं, त्याच्याशी तुमचं काहीतरी नातं जडतंच.

याच्या उलट अनुभव गेल्या पावसाळ्यात आला. हॉटेल चकचकीत होतं, नाव सांगत नाही. टेबलावर चौकोनी ठिपक्यांचा स्टिकर, तो मोबाइलने टिपायचा, मग पडद्यावर तीनशे पदार्थ. वेटर पोरगा भिंतीला टेकून उभा. मी त्याला विचारलं, "आज काय चांगलं झालंय?" तो गोंधळला. बिचाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. म्हणाला, "सर, सगळं त्यात आहे." आणि आमची भाजी अजून ताटात होती तेव्हा मोबाइल वाजला, जेवण कसं वाटलं, किती तारे देणार? मला त्या पोराचा राग आला नाही. राग आला तो त्याच्याकडून बोलण्याचं काम काढून घेणाऱ्यांचा. वाढणाऱ्याला तोंड उरलं नाही आणि जेवणाऱ्याला परीक्षक करून ठेवलं. ज्याच्याकडे पोट भरायला आपण आलो आहोत त्याची फजिती बघायला आल्यासारखं मग माणूस जेवतो. मीठ किंचित कमी पडलं तर मागून घेण्याऐवजी तारा कापतो.

पूर्वीच्या हॉटेलांत हिशेबसुद्धा माणसाच्या तोंडातून यायचा. आपण उठून गल्ल्याशी पोहोचायच्या आत वेटर लांबून ओरडायचा, "चष्मेवाले, सतरा रुपये!" सगळ्या हॉटेलाला कळायचं आपण किती रुपयांचं खाल्लं. माझ्या वडिलांना त्याचा संकोच वाटत नसे. उलट पाच-सहा टेबलांचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या त्या माणसाचं त्यांना भारी कौतुक होतं. "गणितात हा आपल्या सगळ्यांपेक्षा पुढे गेला असता," ते म्हणायचे, आणि बशीत नाणी ठेवताना त्याच्याकडे बघून ठेवायचे.

अनोळखी माणसाच्या टेबलावर बसणं हेही आता वेडगळपणात जमा झालंय. इराण्याकडे संगमरवरी टेबलाला चार खुर्च्या असल्या आणि तुम्ही एकटे असलात, तर उरलेल्या तीन खुर्च्या तुमच्या नसायच्या. धोबीतलावच्या बास्तानी या इराणी हॉटेलात गिऱ्हाइकांसाठी इतक्या सूचना असत की निसीम इझिकेल यांनी त्यावर इंग्रजीत कविता केली. लोक त्या सूचनांना हसत आणि निमूट पाळतही. मी कॉलेजात असताना समोर येऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला ब्रुन मस्का चहात किती बुडवायचा ते दाखवलं होतं. एक, दोन, आणि उचल. तीन म्हटलंस की गेला. त्यांचं नाव मी विचारलं नाही. आजही ब्रुन बुडवताना मनात एक, दोन होतंच.

आणि आग्रह. काळबादेवीला ठाकर भोजनालयात पोळी वाढायला आलेल्याला नको म्हणायचं तर दोन्ही हात ताटावर आडवे धरावे लागतात, तरी बोटांच्या फटीतून काहीतरी येतंच. डॉक्टर याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. पण महिन्यातून एक दिवस कुणीतरी परक्या माणसाने "अजून एक, छोटी आहे" म्हणावं आणि आपण हात बाजूला करावा, याची मला गरज वाटते. घर सोडून शहरात एकट्या राहणाऱ्या किती पोरांना त्या दिवशी एवढंच माणूस भेटतं.

माटुंग्याला जेवण झालं. भाच्याने ताक संपवलं, पानाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे मिटायचं कुठल्या बाजूने?"

"आपल्याकडे," वाढपीच म्हणाला. "वरून आपल्याकडे. जेवण आवडलं असं होतं."

त्याने पान आपल्याकडे मिटलं. जिना उतरताना रांग खालच्या पायरीपर्यंत आली होती. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने त्याला विचारलं, वर अजून किती नंबर आहेत हो?

"आहेत बरेच," भाचा म्हणाला. "थांबा पण."