न उडणारे विमान सर्वांत सुरक्षित

शिकाऊ वैमानिकाच्या विमानाने उतरताना नाक आपटले, की आपल्याकडे ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. आधी वस्तीवरची पोरे मोबाइल घेऊन पोचतात, मग पोलीसपाटील, मग वाहिनीचा माणूस आणि सर्वांचे फोटो काढून झाले की चौकशीचे आदेश. निष्कर्षाची वाट बघायची गरज नसते. पोराचे चुकले, हे चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत सिद्ध झालेले असते.

चुकले हे खरेच. सेसना १५२ म्हणजे दोन माणसांचे इवलेसे विमान. धावपट्टी जवळ आली की नाक अलगद उचलून धरायचे, वेग मरू द्यायचा आणि मागच्या दोन चाकांवर टेकायचे. पण पोराचा अंदाज चुकतो. विमान दणकन आपटून उसळते. तो घाबरून नाक खाली दाबतो, मग नाकाचे चाक आधी टेकते आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा उंच जाते. तिसऱ्या उसळीपर्यंत बहुधा पुढच्या चाकाचा दांडा वाकलेला असतो आणि प्रोपेलर डांबर खरवडत असतो. त्यानंतर नुसता प्रोपेलर बदलून भागत नाही, इंजिनही उघडून तपासावे लागते. पहिल्याच उसळीला पूर्ण पॉवर द्यावी आणि पुन्हा वर जावे, हा उपाय पुस्तकात छापलेला आहे. पुस्तक त्या वेळी होस्टेलवर असते.

या अनर्थाचे मूळ कारण मात्र कोणताच अहवाल सांगत नाही. पोराने विमान खरोखर उडवले, हे ते कारण.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात, त्यापायी बापाची जमीन बँकेकडे. त्यात कधी पाऊस, कधी धुके, कधी विमान दुरुस्तीला, तर कधी प्रशिक्षकच दुसरी नोकरी धरून पसार. अशाने तास भरायचे कधी? यावर काही कल्पक मंडळींनी तोडगा काढलेला आहे: तास सरळ लॉगबुकात लिहून टाकायचे. या धंद्यात त्यांना पार्कर पेनचे तास म्हणतात. सेसना तासाला वीस-पंचवीस लिटर इंधन पिते. पेनाचे शाईच्या एका थेंबात भागते. त्यात आडवा वारा लागत नाही, उसळी बसत नाही. कुठल्याही लॉगबुकाने आजवर कुणाच्या उसात नाक खुपसलेले नाही.

२०११ साली मात्र कागदी विमानविद्येला दृष्ट लागली. जानेवारीत गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एक एअरबस ए-३२० नाकाच्या चाकावर आधी टेकले. चौकशीत पुढे निघाले ते असे, की पायलटच्या परवान्यामागची गुणपत्रिकाच बनावट होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय खडबडून जागे झाले. हजारो परवाने तपासायला काढले, त्यात आणखी बनावट सापडले. राजस्थानात न उडलेल्या तासांपायी लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने अटका केल्या. मग देशभरातल्या फ्लाइंग क्लबांची दफ्तरे उघडली. सुखाने चाललेल्या धंद्याची अशी धूळधाण!

म्हणजे शिकाऊ पोरगा जी चूक दोघांच्या विमानात करतो, तीच प्रवासी विमानात झाली. फरक इतकाच, की पोरगा तिथे चुका करायलाच फी भरून आलेला असतो. वाकलेला प्रोपेलर निदान एवढे तरी सांगतो, की त्या दिवशी विमान हवेत गेले होते.

पण हे आपल्याला पटणार नाही. आपल्याला ओरखडा नसलेली संस्था हवी असते. तेव्हा पालकहो, प्रवेशापूर्वी संस्थेत जा आणि लॉगबुकातले तास व इंधनाची बिले शेजारी शेजारी ठेवून दाखवा म्हणा. साहेबांनी चहा मागवून विषय बदलला, तर डोळे झाकून पैसे भरा. तिथे अपघात होत नाहीत.