लंबोदराचं गणित

पोटाच्या बाबतीत गणपतीइतका निःसंकोच देव दुसरा नाही. आपण श्वास आत ओढून डोंबिवली लोकलमध्ये शिरतो, तो पोट पुढे काढून पाटावर ऐसपैस बसलेला असतो. कागदाच्या लगद्याची मूर्ती घरी यायला लागल्यापासून तर मला पटलंच आहे, की तिच्यात सगळ्यात भक्कम काही असेल, तर ते पोटच.

शाडूची मूर्ती भरीव. उचलताना घरातला तरुण पुतण्या शोधावा लागतो. प्लास्टरची आतून पोकळ, काथ्याच्या जिवावर उभी. लगद्याच्या मूर्तीसाठी रद्दी भिजवायची, कुटायची, त्यात खडूची भुकटी आणि डिंक मिसळून साच्यात पातळ थर थापायचा. वाळला की झालं. आत नुसती हवा. वर्षभर आपल्याला संताप आणणारे अग्रलेख बाप्पा असे अक्षरशः पोटात घालतो.

तोच कागद एका कडेला धरला, तर मान टाकतो. त्याला जरा बाक दिला, की ताठ उभा राहतो. सपाट पत्रा भार आला की वाकतो. गोलाईवर मात्र भार एका जागी न थांबता कातडीतल्या कातडीत चहूकडे पसरतो. गणपतीच्या पोटाला तर दोन्ही दिशांनी गोलाई. सुपासारख्या कानांना ही चैन नाही. पेण-हमरापूरहून शिळफाट्यामार्गे टेम्पोत धक्के खात आलेल्या मूर्तींचे कान म्हणूनच आधी दुखावतात. रिक्षा सिग्नलला उभी असताना मांडीवरच्या मूर्तीकडे नीट पाहा. इंजिनाच्या थरथरीबरोबर कान हलतात, पोट ढिम्म.

लगदा सच्छिद्र असतो, याचाही फायदाच. फेसासारख्या पदार्थांसाठी लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी एक ढोबळ नियम मांडला आहे. तेवढाच माल दुप्पट जाडीत फुलवला, तर त्याचा मूळचा कडकपणा पाव होतो. पण थर वाकायला किती विरोध करतो, हे जाडीच्या घनावर ठरतं, म्हणजे तिथे आठपट मिळतात. आठाचा पाव दोन. वजन तेच, ताठपणा दुप्पट! मालात न वाढता आकारात वाढणं हे खरं तर आम्हा चाळिशीपुढच्यांचं स्वप्न, फक्त आमच्याकडे मालही वाढतो.

कल्याणला पारनाक्याजवळच्या एका मांडवात गेल्या वर्षी एका काकूंनी अशा मूर्तीच्या पोटावर टिचकी मारली. विक्रेता कळवळला, "काकू, माठ नाहीये हो, बाप्पा आहेत!"

"बाप्पाच रे. पण वाळलेत का, ते बघते."

काकूंचं बरोबर होतं. वाळलेली मूर्ती 'टक' म्हणते, ओलसर 'थप'. ओल धरली की लगदा जडही होतो आणि मऊही. दोन्हींमुळे कंप मंदावतो, आवाज खाली उतरतो. प्रयोगशाळेत हेच काम छोट्या हातोडीने आणि संवेदकाने करतात, आणि त्याचा अहवाल देतात. काकूंनी अहवाल दिला नाही, दुसरी मूर्ती दाखवायला सांगितलं.

ती घेऊन त्या निघाल्या, तेव्हा विक्रेत्याने पुन्हा हटकलं, "पोटावर बोटं नका रोवू. पाटाखाली हात घाला." त्याचंही बरोबर होतं. पातळ गोल कवच चहूकडून आलेला भार भरपूर सोसतं, पण त्या भाराखाली असताना एका जागी बारीकसा पोचा पडला, की अचानक सगळंच आत जातं. अभियंते याला बकलिंग म्हणतात. रिकाम्या शीतपेयाच्या डब्यावर सांभाळून उभं राहता येतं. बाजूने कुणी बोट लावलं, की डबा चपटा. कागदावरच्या गणितापेक्षा प्रत्यक्षातली कवचं फार लवकर का कोसळतात, हे कोडं जुनं. वॉर्नर कॉइटर यांनी १९४५ मध्ये डेल्फ्टच्या प्रबंधात दाखवलं, की दोष नजरेत न भरणाऱ्या बारीक वाकडेपणाचा आहे. प्रबंध डच भाषेत असल्याने जगाला तो नीट वाचायला आणखी वीसेक वर्षं लागली. मराठी लेखकांनी धीर धरावा. पुढे साठच्या दशकात नासाने अग्निबाणांच्या नळकांड्यांसाठी नियमच केला: गणिताने येईल तो आकडा घ्या आणि त्याला सढळ कात्री लावा. थोडक्यात, हातचा राखा.

हे वाचल्यावर मला लोकलमधून घरी येणाऱ्या माणसाचा उलगडा झाला. ठाण्याला चढलेली गर्दी त्याला मुंब्रा, दिवा, कोपर करत चारी बाजूंनी दाबते, तरी तो शाबूत उतरतो. घरी दार उघडतं, "आजही उशीर?" एवढं एक बोट लागतं आणि गडी आत जातो. दोष त्या प्रश्नाचा नसतो आणि त्याच्या सोसण्याचाही नसतो. अख्ख्या गर्दीचा दाब अजून अंगावर असताना प्रश्न आलेला असतो, इतकंच.

आमच्याकडे त्यामुळे आता नियम आहे. आल्या माणसाची चप्पल निघून चहा अर्धा होईपर्यंत त्याला काहीही विचारायचं नाही. नासाला यासाठी भलामोठा दस्तऐवज काढावा लागला. आमचं एका कपात भागतं. वाणसामानाची यादी मात्र चहा संपायच्या आत, त्याच बशीखाली ठेवलेली असते.