काचेतला किल्ला: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

लहानपणी दिवाळीत ज्यानं अंगणात किल्ला केला आहे, त्याला पाण्यातलं रान उभारायला फार काही नवं शिकावं लागत नाही. माती आहे, दगड आहेत, वर हिरवळ उगवायची आहे. फरक एवढाच की किल्ल्यावर अळीव पेरला की चार दिवसांत कोंब दिसतात आणि तुळशीचं लग्न लागलं की तो मोडायला कुणाची ना नसते. इथं चार दिवसांत काहीही उगवत नाही. मोडणं मात्र रोज चालतं. या उद्योगाला जाणकार ॲक्वास्केपिंग म्हणतात. घरची माणसं काय म्हणतात ते पुढे ओघानं येईलच.

आधी टाकी घ्या. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. तिच्यात ५६ लिटर पाणी मावतं आणि दगड, माती, काच धरून वजन ७५-८० किलोंच्या घरात जातं. दुकानदार म्हणेल, 'साहेब, टीपॉयवर आरामात बसेल.' टाकी बसते; मागाहून टीपॉयही बसतो. ती घरात कुठे ठेवायची हे वास्तुशास्त्र, टीव्हीची भिंत आणि प्लग पॉइंट या तिघांनी मिळून ठरवायचं असतं. निकाल प्लग पॉइंटच्या बाजूनं लागतो. उन्हाच्या खिडकीपासून मात्र ती लांब असावी, नाहीतर मत्स्यालयाऐवजी शेवाळालय होतं.

सोबत २० लिटरची एक बादली घ्या. पाणी बदलायला लागते. रंग कुठलाही चालेल.

मग गुरू करावा. या पंथाचा मूळपुरुष ताकाशी आमानो. जपानमधल्या निइगाताचा, जन्म १९५४ चा. तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू, नंतर वर्षावनांचा छायाचित्रकार. १९८२ मध्ये त्यानं आपली कंपनी काढली आणि माशांच्या टाकीत शिंपले आणि प्लॅस्टिकचा पाणबुड्या ठेवणाऱ्या जगाला रानाचा तुकडा ठेवायला शिकवलं. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यानं ४० मीटर लांब, १,६०,००० लिटर पाण्याचं पाण्याखालचं जंगल उभं केलं आणि त्याच वर्षी तो गेला. त्याच्या टाक्यांचे फोटो रात्री अकरानंतर पाहू नयेत, हा माझा नवशिक्यांना कळकळीचा सल्ला आहे. मी पाहिले.

आता दगड. ही पायरी एका संध्याकाळची असं पुस्तकात असतं. ती दीड महिना चालते, तेव्हा रजा शिल्लक ठेवावी.

जपानी इवागुमी रचनेत दगड नेहमी विषम संख्येत लावतात आणि प्रत्येकाला नाव असतं. सर्वांत मोठा तो ओयाइशी, घरचा कर्ता. त्याला धरून उभा फुकुइशी. पायाशी सोएइशी. आणि एक सुतेइशी, म्हणजे टाकून दिलेला दगड. झाडं वाढली की हा झाकला जाणार, हे ठाऊक असूनही तो ठेवायचा असतो. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसणारे काका असतात ना, ते. ओयाइशी टाकीच्या दोनतृतीयांश उंचीचा असावा आणि बरोबर मध्ये कधीही नसावा. ६० सेंटिमीटर लांबीचे सुवर्णगुणोत्तरानं ३७ आणि २३ असे भाग पडतात. त्या रेषेवर तो उभा करायचा. मी मोजपट्टी लावून तो ३७ वर उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ३६ वर वाटला. इथून ज्याला आजार म्हणतात तो सुरू होतो.

दगड दिसायला सुंदर असून भागत नाही. काही दगडांत चुना असतो. तो पाण्यात उतरतो, पाणी जड होतं आणि मऊ पाण्यातली झाडं-मासे कुरकुरतात. त्यासाठी साधी परीक्षा आहे: दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसला तर चुना आहे. पांढऱ्या शिरांचा, निळसर, डोंगरासारखा दिसणारा जो दगड मी किलोच्या भावानं विकत आणला होता, तो सोडावॉटरसारखा फसफसला. मग घरातले सगळे दगड तपासले. वरवंट्यावर एक बुडबुडा उठला नाही. आपला काळा पत्थर, बेसाल्ट; सह्याद्री ज्याचा झाला आहे तोच. उंचीही नेमकी दोनतृतीयांश. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम ओयाइशी टाकीत फक्त अर्धा तास उभा होता. आतून आवाज आला, 'अहो, वरवंटा पाहिलात का कुठे?' आणि लगेच, 'नका सांगू. दिसला.'

लाकडाचं प्रकरण थोडक्यात. नवं ड्रिफ्टवुड तरंगतं, म्हणून ते दगडाला बांधावं लागतं. ते पाण्याला कोऱ्या चहाचा रंग देतं, म्हणून आधी उकळावं लागतं. घरातलं सर्वांत मोठं पातेलं पुरणपोळीच्या दिवशी मागू नये. पहिल्या पंधरवड्यात लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. तो आपोआप जातो. पाहुण्यांना तेवढा धीर नसतो.

जमीन पुढे दोन इंच आणि मागे चार-पाच इंच असा उतार द्यावा, म्हणजे फूटभर टाकी लांबवर गेल्यासारखी दिसते. वाट करायची तर पुढे रुंद आणि मागे निमुळती. मोठे दगड पुढे, बारके मागे. किल्ल्यावर पायथ्याशी मोठा मावळा आणि माचीवर छोटा ठेवायचो, तीच युक्ती. मातीसाठी दुकानात काळ्या गोळ्यांची पिशवी मिळते. किंमत पाहून मला कोकणातला जांभा आठवला, आणि ते अगदीच वेडेपण नव्हतं: जांभ्यात लोह भरपूर असतं आणि पूर्वी युरोपातले लोक टाकीच्या तळाशी लॅटेराइट म्हणून तोच घालत. पण तो वाळूखाली दाबून ठेवायचा असतो. मी रचना सुधारण्यासाठी तो तीनदा उकरला. तीन दिवस टाकीत सावंतवाडीचा पावसाळा होता.

झाडं लावायला लांब चिमटा लागतो आणि ज्याला कुठलीही घाई नाही असा माणूस लागतो. जमिनीवर हिरवळ पसरवणारी बारीक पानांची झाडं एकेक काडी रोवावी लागतात. चाळिसावी रोवली की पहिल्या दहा वर येऊन तरंगतात. ॲन्युबियस आणि जावा फर्न ही दोन गरिबांची झाडं. कमी उजेडातही जगतात. फक्त त्यांचं आल्यासारखं आडवं खोड मातीत पुरू नये, कुजतं. दगडाला दोऱ्यानं बांधावं. मी पुरलं. क्रिप्टोकोरायनी ही दुसरी मानी जात: तिला जागेवरून हलवलं की ती सगळी पानं विरघळवून टाकते आणि आहात तिथं मुकाट बसलात तर महिन्याभरानं मुळातून पुन्हा फुटते. रचना सुधारू पाहणाऱ्यानं तिच्याशी लग्न करू नये.

जाता जाता एक सांगतो. रंगीत डब्यांतून येणाऱ्या या महागड्या झाडांचे सख्खे भाऊ आपल्या सड्यांवर पावसाळ्यात फुकट उभे असतात. परदेशी टाक्यांत मिरवणारं एरिओकॉलॉन म्हणजे कासच्या पठारावरच्या गेंदाच्याच वंशातलं. तिथलाच वायतुरा जगात इतरत्र सहसा सापडत नाही. पाहून यावं. खिशात पिशवी नेऊ नये.

पुढची गरज कार्बन डायऑक्साइडची. सिलिंडर परवडत नसेल तर दोन लिटरच्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालून नळी टाकीत सोडतात. ही कृती आणि हातभट्टीची कृती यांत हेतू सोडला तर फरक नाही, त्यामुळे बाटली फुगून वास सुटला की शेजाऱ्यांना हेतू समजावून सांगावा. पाण्यात एक निर्देशक कुपी टांगतात: निळी म्हणजे वायू कमी, हिरवी म्हणजे बेताचा, लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम. पिवळी झाली की मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. रात्री झाडांना हा वायू लागत नाही. यीस्टला ते माहीत नसतं.

आणि मासे? अजून नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट, आणि ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाणी, दगड आणि झाडं. या काळात येणारा प्रत्येक पाहुणा 'मासे कुठायत?' विचारतो. मी पहिल्या आठवड्यात नायट्रोजन चक्र समजावून सांगत असे. चौथ्या आठवड्यात 'झोपलेत' म्हणू लागलो.

आता शेवाळ. आधी तपकिरी येतं, ते पुसलं की जातं आणि पुढे येतही नाही. मग काचेवर हिरवे ठिपके. ते जुन्या एटीएम कार्डानं खरवडा. शेवटी पानांच्या कडेला काळी दाढी. तिच्यावर बोलण्यासारखं खूप आहे, छापण्यासारखं कमी. वायूचं प्रमाण रोज वरखाली झालं की ती येते, आणि माझा वायू यीस्टच्या मर्जीवर होता. उपाय साधा आहे: दिवा सहा तासांवर आणा, दर आठवड्याला एकतृतीयांश पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हायपोनं मारा आणि टाकीत हात घालू नका. आमानोनं शेवाळ खाणारी एक कोळंबी प्रसिद्ध केली. तिला त्याचंच नाव पडलं आहे. ती खरंच खाते. मात्र माशांचा खाऊ पडला की शेवाळाकडे ढुंकून पाहत नाही. झाडांबरोबर गोगलगायीही येतात. एक आली होती. पोटात पाय असतात हे ऐकून होतो. पोटात साठ पिल्लं असतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटची पायरी, सुधारणा. रोज दिवा लागला की खुर्ची टाकून समोर बसावं आणि काय खटकतं ते पाहावं. काहीतरी खटकतंच. दगड बोटभर सरकवला की मुळं उपटतात, मुळांबरोबर माती उठते, मातीतला अमोनिया पाण्यात येतो, शेवाळाला मेजवानी होते आणि रचना पहिल्यापेक्षा वाईट दिसते, म्हणून दुसऱ्या दिवशी दगड आणखी बोटभर सरकवावा लागतो. माझा ओयाइशी गेल्या वर्षभरात ३७ वरून निघून टाकीची प्रदक्षिणा करून ३५ वर आला आहे.

छाटलेल्या काड्या मी बादलीत टाकत असे, पाणी बदलताना केव्हातरी फेकून देऊ म्हणून. बायकोनं ती बादली बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली नेऊन ठेवली आणि डास होऊ नयेत म्हणून महापालिकेच्या माणसाकडून चार गप्पी मासे आणून सोडले. रोटालाच्या काड्यांनी पाण्याबाहेर डोकी काढली. हवेतला कार्बन डायऑक्साइड पानांना फुकट मिळतो, बाटली लागत नाही. तिथं चुन्याचा दगड नाही, सुवर्णगुणोत्तर नाही, आणि चार महिन्यांत कुणी हात घातलेला नाही. श्रावणात जांभळट फुलं आली. गप्पी आता मोजता येत नाहीत.

परवा पाहुणे आले होते. दिवाणखान्यातल्या टाकीपुढे मिनिटभर थांबून बाल्कनीत गेले आणि चहा निवेपर्यंत तिथंच उभे होते. बादली लाल आहे.