ओघळासकट

बेलूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला हळेबीडशेजारचं देऊळ आठवतं. आमचं बेलूर ते नव्हे. धारवाडहून बेळगावला जाताना हायवेलगत औद्योगिक वसाहत लागते, ते हे. इथं टाटा-मार्कोपोलोच्या बसगाड्या बांधल्या गेल्या, आसपास सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि आता दरवर्षी काही माणसं त्यांतून निवृत्त होऊन हुबळी-धारवाडात मोकळी सुटतात. बहुतेकजण सकाळी फिरायला जातात आणि नातवंडांना क्लासला सोडतात. थोडे मात्र जुनी गाडी विकत घेतात. या थोड्यांना मी मनातल्या मनात सरसकट ‘आप्पा’ म्हणतो. आडनावं वेगळी, गाड्या वेगळ्या, पण एकाला भेटलं की सगळे भेटल्यासारखे.

आप्पांची उभी नोकरी क्वालिटीत गेली. रंगवून आलेला पत्रा ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा, रंगाचा ओघळ शोधायचा, खडूनं फुली मारायची आणि माल परत धाडायचा. रंगाऱ्यांनी त्यांना कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्ही भाषांत भरपूर शिव्या घातल्या. निवृत्त झाल्यावर आप्पांनी 1968 सालची जावा घेतली, आणि आता ते पदरचे पैसे मोजून टाकीच्या पोटाखाली ओघळ पाडून घेतात.

हे वेड नाही, याला शास्त्र आहे. प्रदर्शनात जुन्या गाडीला गुण देताना जाणता परीक्षक ‘किती सुंदर’ हे बघत नाही, ‘कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती’ हे बघतो. अमेरिकेतल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबची परीक्षा 400 गुणांची. तिथं मोजमाप एकच: डीलरनं पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली तेव्हा गाडी होती तशी हवी. त्याहून देखणी केलीत तर जास्तीचा एक गुणही मिळत नाही. आप्पांनी हे वाचलं आणि त्यांच्या साठ वर्षांच्या आयुष्याला अर्थ आला. म्हैसूरला आयडियल जावाची मोटारसायकल 1961 पासून बनू लागली. हातानं फवारा मारायचे दिवस ते. न दिसणाऱ्या बाजूला रंग थोडा ओघळणारच, असा आप्पांचा सिद्धांत. आणि जो ओघळ कारखान्यात पडला असता, तो आज नसला तर गाडी खोटी.

गोकुळ रोडवरच्या ज्या रंगाऱ्याकडे त्यांनी टाकी दिली, तो पूर्वी बेलूरलाच कामाला होता. दैवाचा खेळ. टाकी तयार झाली तेव्हा मी तिथं होतो.

“बघा की सर, आरसा झालाय!”

“तोच घोळ आहे. अडुसष्ट साली आरसा होता का? खालच्या अंगाला जरा ओघळ सोड.”

“याक्री सर? ह्याच ओघळापायी तुम्ही माझे दरवाजे परत पाठवले होते!”

“ते चुकून पडले होते. हा मुद्दाम पाडायचाय.”

रंगाऱ्यानं गन उचलली आणि एक झोकदार ओघळ सोडला. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, टाकी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि खिशातून खडू काढला. ओघळ जाड होता. रिजेक्ट.

ओघळ तिसऱ्या खेपेला पास झाला.

आप्पांचे हाडवैरी म्हणजे हुबळीचे ‘भाऊ’. ही दुसरी जात. भाऊंच्या लेखी जुनी गाडी म्हणजे मुंजीतला बटू, जितकी नटवाल तितकी थोडी. जिथं क्रोम होतं तिथं क्रोम, जिथं नव्हतं तिथं दुप्पट. सगळे नटबोल्ट स्टेनलेसचे. रंग पीयूचा, भट्टीत भाजलेला, वर क्लिअर कोट. भाऊंची गाडी मेळाव्यात आली की पोरंबाळं तिच्यापुढं फोटो काढतात आणि आप्पा तोंड फिरवून उभे राहतात. पण दहा मिनिटांनी हळूच जातात, गुडघ्यावर बसतात आणि बोल्टांची डोकी वाचतात. “स्टेनलेस,” एवढंच म्हणून उठतात. एखाद्याच्या घराण्याविषयी बोलावं त्या आवाजात.

सुट्या भागांसाठी आप्पांची वारी पुण्याच्या जुन्या बाजारापासून मुंबईच्या चोरबाजारापर्यंत. स्पार्क प्लग हवा तर त्यावर ‘मायको’च लिहिलेलं हवं. बंगळुरूच्या या कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं. त्यानंतरचे प्लग पेटत असतील, आप्पा नाही म्हणत नाहीत, पण पेटणं हा प्लगचा एकच गुण झाला. जावाची खुबी अशी की किक आणि गिअर एकाच दांड्यावर. आप्पांनी तो दांडा मूळचा मिळवायला जितकी खटपट केली तितकी मुलीचं स्थळ बघतानाही केली नव्हती, असं वहिनी सांगतात.

वहिनींचाही या विषयात अभ्यास झालाय, ऐकून ऐकून. 2021 साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज. नवी नोंदणी वीस हजार, पुन्हा करायची तर पाच हजार, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. ज्यांची नोंदणी आधीपासून आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. आप्पांचा नंबर ‘एमवाय’चा, म्हणजे 1973 साली कर्नाटक हे नाव येण्यापूर्वीच्या म्हैसूर राज्याचा. तो ते सोडणं शक्य नाही. आप्पा हा नियम आम्हाला वाचून दाखवत होते तेव्हा वहिनी आतून चहा घेऊन आल्या. “म्हणजे ह्यांची नोंदणी व्हायची नाही,” म्हणाल्या. “दोन्ही गुडघे बदललेत, डोळ्यांत परदेशी भिंगं आहेत आणि वरची दातांची ओळ धारवाडात बनवलेली.” आप्पा दुखावले नाहीत. बाहेरून दिसत नाही तोवर गुण कापत नाहीत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

त्यांना खरा धक्का बसला तो 2024 साली. कॅलिफोर्नियात पेबल बीचला 1950 पासून जगातला सर्वांत मानाचा गाड्यांचा मेळा भरतो. त्या वर्षी तिथला सर्वोच्च मान 1934 सालच्या बुगाटी टाइप 59 ला गेला. एके काळी बेल्जियमच्या राजाकडं असलेली गाडी, जुन्या रंगात, जुन्या ओरखड्यांसकट तशीच राखलेली. नूतनीकरण न करता जपलेल्या गाडीला हा मान मिळायची ती पहिलीच वेळ. आप्पा दोन दिवस बोलले नाहीत. कारण जावा घेतली तेव्हा तिच्या टाकीवर मूळचा रंग होता. फुटलेला, विटलेला, पण म्हैसूरचा. आप्पांनीच तो खरवडून काढायला लावला होता, त्यावर नवा चढवला होता आणि मग त्या नव्यावर जुना दिसणारा ओघळ पाडला होता.

तेव्हापासून आप्पा अधिक कडवे झालेत. कुंदगोळकडच्या एका गोठ्यात कुणाची तरी जुनी बुलेट सापडली, तर मालक फडकं घेऊन पुढं झाला. आप्पांनी त्याचा हात धरला. “धूळ राहू दे. ओरिजिनल आहे.” वरच्या कोंबडीच्या शिटेबद्दल मात्र त्यांना निर्णय घेता आला नाही.

मी आप्पांना हसतो, पण एका बाबतीत मला त्यांचं पटतं. मद्रासच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरची सोनेरी रेघ कारागीर ब्रशनं, नुसत्या हातानं ओढायचे. भाऊ तिथं स्टिकर लावतात. स्टिकर कमालीचा सरळ असतो, आणि तेवढ्यानंच कळतं की इथं कुणाचा हात फिरलेला नाही. आप्पांची रेघ एका वळणावर किंचित थरथरते. ती थरथर मात्र त्यांनी कुणाकडून करवून घेतलेली नाही. रंगाऱ्याचं वय झालंय.

तर, धारवाड-बेळगाव पट्ट्यात कुणाच्या माळ्यावर जावाचं मूळ टूलकिट पडलं असेल, तर बेलूर फाट्यावर कुणालाही विचारा, आप्पांचं घर दाखवतील. फक्त आणण्यापूर्वी ते पुसू नका.