चाकांवरचा संसार

हौशी मंडळी हल्ली गाडीतच घर थाटतात. मग हिशेब सुरू: १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास, शिशाची असेल तर निम्मेच वापरायचे. त्यातला मोठा वाटा एकटा फ्रिज गिळतो. म्हणून छपरावर आणखी एक सोलर पॅनेल. (निसर्गाच्या कुशीत कॉफीचं यंत्र नको का?)

इकडे आमच्या नारायणगडाच्या टापूतून दसरा-दिवाळीला ट्रॅक्टर निघतात ऊसतोडीला. ट्रॉलीत बाजरी, भांडी, लेकरं, एखादी शेळी. पुढचे पाच-सहा महिने कोपीत. डोक्यावर पाचट, तार कुठंच नाही. मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. वॉट कुणी मोजत नाही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, एवढंच मोजमाप.