इतिहासाचा तास कसा उरकावा
(आकुर्डी परिसरातल्या नवशिक्या बाई व सरांसाठी)

चौथीचा वर्ग तुमच्या गळ्यात पडला असेल, तर शिवछत्रपतीही तुमच्या वाट्याला आले. १९७० सालापासून महाराष्ट्रातली चौथीची मुलं महाराजांचं चरित्र वाचत आली आहेत. समोरच्या पोराच्या आईने ते वाचलंय, बहुधा आजीनेही. तुम्ही एखादं नाव चुकलात, तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात दुरुस्ती घेऊन कुणीतरी उभं असेल.

तास बहुतेक खिचडीनंतरचा मिळतो. गणिताला सकाळ, इतिहासाला पेंग, असा रिवाज आहे. त्याला इलाज नाही. आवाज मोठा ठेवा आणि "फार फार वर्षांपूर्वी" हे शब्द चुकूनही काढू नका. नऊ वर्षांच्या मुलाच्या हिशेबात आजी, शिवाजी महाराज आणि डायनासोर एकाच आळीत राहतात. "बाई, तेव्हा तुम्ही होतात?" असं कुणीतरी विचारणारच. त्यावर फळ्यावर सन लिहून मोकळं व्हावं: जन्म १६३०, राज्याभिषेक १६७४. मात्र वजाबाकी करायला लावू नका. उत्तर ४४ आलं की एखादी म्हणते, "म्हणजे माझ्या पप्पांएवढेच!" आणि मग महाराजांना चष्मा होता का, गुडघे दुखायचे का, इथपर्यंत गाडी जाते. त्यापेक्षा गाळलेल्या जागा भरून घ्या. "कोण कोणास म्हणाले" तर फारच सोयीचं. का म्हणाले, ते तेवढं विचारू नका.

खरा धोका आकुर्डीचाच आहे. पुस्तकातला इतिहास रायगडावर, आग्र्याला, असा शिस्तीत लांब असतो. इथे तो फाटकाबाहेर पडलेला असतो. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. मुलांच्या लेखी तो रस्ते बंद असण्याचा दिवस आहे. तसाच राहू द्या. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला, म्हणजे संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, हे बोलून बसलात तर "तेव्हा रस्ता कोण बंद करायचं?" याचं उत्तर तुम्हालाच शोधावं लागेल.

चेतक हा राणा प्रतापांचा घोडा, असं सांगाल, तर निम्मा वर्ग म्हणेल, स्कूटर. दोन्ही बरोबर आहेत, ही पंचाईत. १९७२ पासून इथल्या बजाजच्या कारखान्यात चेतक बनली आणि वर्गात कुणाचे ना कुणाचे आजोबा त्या कारखान्यातून रिटायर झालेले निघतात. त्यांना बोलावण्याचा मोह आवरा. आजोबा भोंगा, शिफ्ट आणि स्कूटरचा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली गिऱ्हाइकं यांच्या गोष्टी सांगतील, पोरं तोंड उघडं टाकून ऐकतील आणि पोर्शन जागेवर राहील.

सहलीची बस चिंचवडच्या चापेकर चौकातून जाणार असेल, तर गाण्याच्या भेंड्या लावाव्यात. नाहीतर १८९७ चा प्लेग निघतो, घरोघर शिरून तपासणी करणारे गोरे सोजीर निघतात, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी निघते, आणि एखादं पोर शांतपणे सांगतं की कोरोनात आमच्या जिन्यालाही पट्टी लावली होती.

सगळ्यात जपायचं ते चाकणला. शायिस्तेखानाच्या धड्याला लागलात की ते आडवं येतंच. १६६० च्या भर पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी तिथला संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला. ना डोंगर, ना कडा; सपाटीवरचा किल्ला आणि भोवती खंदक. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला. किल्ला गेला, पण फिरंगोजींनी खानाची चाकरी पत्करली नाही. हे एका दमात वाचून पान उलटा. थांबलात, तर ज्याचे पप्पा चाकणच्या कंपनीत जातात तो विचारेल, खान तळेगाव चौकात अडकला नाही का? दुसरी विचारेल, पावसात दारू भिजली कशी नाही? आणि कायम खिडकीबाहेर बघणारा तिसरा म्हणेल, "सर, खानाच्या एवढ्या माणसांना डबा कोण द्यायचं?"

या तिसऱ्यापासून सांभाळा. मोठमोठे इतिहासकार ज्याच्या मागे आयुष्य घालवतात तो हा प्रश्न. उत्तर द्यायला गेलात तर रसद आली, बैल आले, वाणी आले, आसपासच्या गावांतलं धान्य कुणी आणि कसं उचललं तेही आलं, आणि तेवढ्यात घंटा. "हे परीक्षेला नाही" असं सांगून त्याला खाली बसवा. प्रत्यक्ष किल्ला दाखवायला तर नेऊच नका. तट फारसा उरलेला नाही, हे मुलांना दिसतं. मग बाकीचा मोगलांनी पाडला की आपण, असं विचारतात.

दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगकडे फिरकू नये. चाचणीत दहापैकी तीन मिळवणारं कार्टं तिथे मातीचा किल्ला करताना चिखलाने कोपरापर्यंत माखून, दरवाजा वळणाआड का आणि पाण्याचं टाकं वर का, हे धाकट्यांना समजावत असतं. तुम्हाला गुण पुन्हा तपासावेसे वाटतील.

उरलं गॅदरिंग. महाराज व्हायला अख्खा वर्ग तयार असतो, अफजलखान व्हायला कुणीच नाही. अंगाने भरलेल्या मुलाला धरायचा प्रघात आहे, पण मग त्याची आई येते. त्याऐवजी पटवून द्या की खानाला गडगडाटी हसायला मिळतं, शिवाय स्टेजवर धाडकन पडायलाही. वाघनखं पुठ्ठ्याची करा, पोटाची उशी घट्ट बांधा. ऐन वेळी खान विचारेल, "सर, खानाला मुलगा होता का?" होता, फाजलखान. पण तोवर पडदा उघडायला लागलेला असतो, तेव्हा मिशी चिकटवा आणि पुढे ढकला.