दोघांत एक, एकीत पाच

पत्रकारितेची पदविका घेऊन नुकतीच एखाद्या पोर्टलला चिकटलेली पोरगी. क्रिकेट नको, सिनेमा नको. तिला मानवी हक्क हवेत. संपादक खूश होतात. ‘जा बीडला,’ म्हणतात. बातमी देतात, गाडी देत नाहीत.

मग एसटीत मांडीवर कॅमेरा, पायांत ट्रायपॉड. मल्टिमीडिया म्हणजे लिहायचं तिनेच, फोटो काढायचे तिनेच, व्हिडिओ, एडिटिंग तिचंच आणि रीलखालच्या शिव्या वाचायच्याही तिनेच. पूर्वी या कामाला पाच माणसं लागत. आता एक पगार लागतो, तोही पुढच्या महिन्यात.

विषय मात्र तिने नेमका धरलेला असतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती त्या जोडीवर. खाडा झाला की दंड. पाळी असो की ताप, मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. बीडमधल्या पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आहेत, हे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने २०१९ मध्ये मांडलं.

हे आकडे घोकून ती फडात उतरते. ढेकळांत ट्रायपॉड उभा राहत नाही. कॉलर माइकमध्ये आवाज येतो तो पाचटाचा. ऊस तोडणाऱ्या मावशींना मात्र तिच्यासाठी कोयता थांबवायला सवड नसते.

‘मावशी, हक्कांचं उल्लंघन होतं तेव्हा कसं वाटतं?’

‘बाजूला हो लेकी, गाडी भरायचीय.’ मोळी टाकून आल्यावर मावशीच मुलाखत घेतात. ‘एवढं सगळं एकटीच करायलीस? पगार किती देतात?’

ती आकडा सांगते.

‘अन् उचल?’

‘उचल नाही मिळत.’

मावशी शेजारणीला हाक मारतात. ‘आगं, हिला उचलबी न्हाई!’ अख्खा फड हळहळतो.

रात्री ऑफिसचा फोन येतो. ‘रडतानाचा बाईट आहे ना?’ नसतो. मावशी रडल्याच नाहीत, उलट जाताना तिच्या हातात उसाचं कांडं दिलं. शेवटी ९० सेकंदांचा उभा व्हिडिओ होतो. त्यातून १३,८६१ हा आकडा गळतो, कारण तो थंबनेलवर मावत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम विश्रांतीचा आणि पगारी सुट्टीचा हक्क देतं. तो जाहीरनामा १० डिसेंबरचा, म्हणून त्या दिवशी मानवी हक्क दिन. फडात तेव्हा तोड ऐन रंगात असते आणि तिच्या ऑफिसात मानवी हक्कांवर दिवसभर लाइव्ह. सुट्टी दोघींनाही नसते.